लिनक्सवर जुन्या सीडी-डीव्हीडी उतरवणं: घुमट आरतीच्या खोक्यासाठी सविस्तर उत्तर

आधी तुझा प्रश्न थोडक्यात मांडतो, म्हणजे अजून कोणाकडे असंच खोकं असेल तर त्यालाही संदर्भ लागेल. फोंड्याकडच्या तुमच्या मंडळाच्या खोलीत १८० च्या आसपास डिस्क सापडल्या, २००१ ते २०१२ मधल्या, घुमट आरती (घुमट या मातीच्या, कातडं लावलेल्या वाद्याच्या साथीने म्हटलेली), भजनं, जत्रेतली नाटकं, आणि प्रेसवाल्याकडून परत आलेली एक चौकोनी प्लास्टिकची कार्ट्रिजसुद्धा. लॅपटॉपवर उबंटू, म्हणजे लिनक्सच आहे, त्याला ड्राइव्ह नाही म्हणून युएसबीवाला बाहेरचा डीव्हीडी ड्राइव्ह घेतलास. पहिल्या वीसेक डिस्क नीट कॉपी झाल्या, मग इनपुट-आउटपुट एरर यायला लागले, काही डिस्क माउंटच होत नाहीत, म्हणजे सिस्टिमला जोडून उघडतच नाहीत, काही रिकाम्या दिसतात, आणि एकदा तर ट्रे उघडेचना. आता विचारतोयस की हे लिनक्सला जमत नाही का, विंडोज टाकू का.

विंडोज टाकू नको. ड्राइव्ह तोच, लेझर तोच, डिस्क तीच, त्यामुळे जे वाचता येत नाही ते तिकडेही येणार नाही, उलट तिकडे खिडकी नुसती अडकून बसते आणि कुठे काय अडलं ते कळत नाही. लिनक्स तुला नेमका सेक्टरचा, म्हणजे डिस्कवरच्या अडलेल्या छोट्या तुकड्याचा नंबर सांगतो आणि आपल्याला तेच हवंय. पण एक गोष्ट आजपासून बंद कर, ती म्हणजे डिस्क घातली, फोल्डर उघडलं आणि फाइली ओढून कॉपी केल्या, एरर आला की परत घातली, परत ओढल्या. खराब डिस्कचं आयुष्य मोजून काही तासांचं असू शकतं आणि ते तास फोल्डर बघण्यात घालवायचे नाहीत. आधी अख्ख्या डिस्कची इमेज, म्हणजे एकाच फाइलीत हुबेहूब नक्कल काढायची, जेवढी निघते तेवढी, आणि मग डिस्क बाजूला ठेवून इमेजमध्ये काय ते बघायचं.

हे मी इतकं ठासून का सांगतोय, तर २०१० च्या सुमारास आमच्या वाड्यावरच्या नाटकाची एकुलती एक डीव्हीडी माझ्याच हातून गेली. शेवटच्या अंकाशी एरर यायचा म्हणून मी तीन दिवस तीच डिस्क परत परत घालत राहिलो, प्रत्येक वेळी सुरुवातीपासून कॉपी, ड्राइव्ह हाताला चटका बसेल इतका तापलेला, आणि तिसऱ्या दिवशी ड्राइव्हने डिस्क ओळखणंच सोडलं. पहिल्याच दिवशी इमेज काढली असती तर निदान पहिले दोन अंक पक्के हातात राहिले असते. त्यात काम केलेले दोघे जण आज नाहीत.

आणि तुमच्या खोक्यात तर घुमट आरती आहे. घुमटाला पूर्वी घोरपडीचं कातडं असायचं, घोरपड कायद्याने संरक्षित आहे म्हणून आता बकऱ्याचं कातडं लावतात, आणि ज्याने दोन्ही ऐकलंय त्याला आवाजातला फरक लगेच कळतो. पिढ्यानपिढ्या सांभाळलेली जुनी घुमटं वाजतायत असं रेकॉर्डिंग तुमच्या खोक्यात एखादं जरी असलं तरी तो आवाज परत रेकॉर्ड करायला मिळेल याची खात्री नाही. म्हणून घाई करू नको.

आता कामाचं. कमांड मी बोलून सांगतो तशा लिहितोय, तू टाइप करताना इंग्रजीत करशीलच.

सगळ्यात आधी ड्राइव्हचा करंट बघ. बाहेरचे सडपातळ ड्राइव्ह सगळी वीज युएसबीतूनच घेतात, युएसबी २ च्या पोर्टची हद्द ५०० मिलीअँपिअर, युएसबी ३ ची ९००, आणि डिस्क फिरायला सुरुवात होते त्या क्षणी किंवा खराब जागेवर लेझर झगडत असतो तेव्हा ड्राइव्ह त्याहून जास्त मागू शकतो. मग ड्राइव्ह मध्येच रीसेट होतो आणि आपल्याला वाटतं डिस्क खराब. दुसऱ्या टर्मिनलमध्ये डीमेसेज (स्पेलिंग डीएमईएसजी) मायनस डब्ल्यू ही लिनक्सचे आतले निरोप दाखवणारी कमांड चालू ठेव. तिथे युएसबी डिव्हाइस रीसेट झाल्याच्या ओळी दिसल्या तर दोष विजेचा, मीडियम एरर किंवा अनरिकव्हर्ड रीड एरर अशी ओळ आली तर दोष डिस्कचा. तुझ्या एररपैकी निम्मे पहिल्या प्रकारचे निघाले तरी मला नवल वाटणार नाही. लॅपटॉपच्या दुसऱ्या बाजूचा पोर्ट वापर, दोन टोकांची वाय केबल मिळाली तर ती लाव, नाहीतर स्वतःचा अडॅप्टर असलेला युएसबी हब घे. साधा आखूड वायरचा हब चालणार नाही. आणि पावसात वीज जाते येते, तेव्हा निदान इन्व्हर्टरवर तरी हे काम कर.

ड्राइव्ह लिनक्सला डेव्ह खाली एसआर० या नावाने दिसतो, दुसरा लावला तर एसआर१. तुझा युजर सीडीरॉम ग्रुपमध्ये आहे ना ते बघून घे, नाहीतर प्रत्येक वेळी सुडो, म्हणजे अ‍ॅडमिनचा अधिकार लागेल. कोणी लिनक्सऐवजी फ्रीबीएसडी या तशाच दुसऱ्या सिस्टिमवर असेल तर तिथे नाव सीडी०, ओपनबीएसडीवर सीडी०ए, बाकी सगळं जवळपास तसंच.

दुसरी गोष्ट, डिस्क घातल्याघातल्या आपोआप माउंट होते ते सेटिंगमध्ये बंद करून टाक. फाइल मॅनेजर उघडतो आणि प्रत्येक व्हिडिओचं छोटं चित्र काढायला डिस्कभर उड्या मारत सुटतो, चांगल्या डिस्कवर चालून जातं, खराब डिस्कवर लेझर अर्धा अर्धा तास तिथेच अडकतो.

मग डिस्कांची वर्गवारी कर, आणि ती डिस्क हातात घेऊन, ड्राइव्हमध्ये घालून नाही. फायलींची सीडी, गाण्यांची ऑडिओ सीडी, व्हिसीडी (सीडीवरच व्हिडिओ भरलेली), डीव्हीडी, आणि ती ८ सेंटिमीटरची छोटी कॅमेऱ्यातली डीव्हीडी, असे पाच ढीग. प्रत्येकाचा मार्ग वेगळा आहे आणि तुझे निम्मे प्रश्न हे ढीग एकत्र असल्यामुळे आलेत. प्रत्येक डिस्कला एक नंबर दे, पण तो कव्हरवर लिही, डिस्कवर नको, आणि वहीत नोंद कर.

फायलींची डिस्क, म्हणजे एमपी३ भरलेली सीडी किंवा व्हिडिओ फाइली टाकलेली डीव्हीडी, ही सर्वात सोपी. यासाठी डीडीरेस्क्यू वापरायचं. उबंटूत पॅकेजचं नाव जीडीडीरेस्क्यू आहे, कमांड मात्र डीडीरेस्क्यू. साध्या डीडीने चांगली डिस्क निघते, पण पहिल्या एररला ते थांबतं, डीडीरेस्क्यू मात्र अडलेली जागा सोडून पुढे जातं, सोपं सोपं आधी उचलतं आणि काय राहिलं त्याचा हिशोब एका मॅप फाइलीत लिहून ठेवतं. पहिल्या फेरीला मायनस एन आणि मायनस बी २०४८ दे, मग ड्राइव्हचं नाव, इमेजचं नाव, मॅप फाइलीचं नाव. २०४८ का, तर डेटा सीडी-डीव्हीडीचा एक सेक्टर २०४८ बाइटचा असतो, आणि मायनस एन म्हणजे खराब जागा आत्ता खरवडत बसू नको. दुसऱ्या फेरीला तीच इमेज आणि तीच मॅप फाइल देऊन मायनस एनच्या जागी मायनस डी आणि मायनस आर ३, म्हणजे कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) कॅशमधून, म्हणजे तात्पुरत्या साठ्यातून न जाता थेट ड्राइव्हकडून वाच आणि राहिलेल्या जागांवर तीन वेळा परत प्रयत्न कर. मॅप फाइल कधीही डिलीट करू नको. मध्ये वीज गेली तरी तीच कमांड परत दिली की जिथे होतं तिथून पुढे चालू होतं.

खराब डिस्कसाठी स्पीडही कमी कर, इजेक्ट मायनस एक्स ४ दिलं की बरेच ड्राइव्ह चौपटीवर येतात, काही ऐकत नाहीत. चौपट म्हणजे सेकंदाला साधारण ६०० केबी, ७०० एमबीची सीडी वीस मिनिटांत होते. लावून चहा करून ये.

एक उदाहरण देतो कारण आकडे बघितल्यावर धीर येतो. गेल्या वर्षी एक सीडी आली, वर मार्करने लिहिलेलं चतुर्थी २००४, रात्र दुसरी. ६९० एमबीची इमेज. पहिल्या फेरीत पंचवीसेक मिनिटांत जवळपास सगळं आलं, राहिले ६ एमबी, सगळे शेवटाकडचे. ते साहजिक आहे, कारण सीडी आतून बाहेर लिहिली जाते, शेवटची गाणी बाहेरच्या कडेला असतात आणि बोटं, ओल, घासणं सगळं आधी कडेलाच लागतं. दुसरी फेरी चार तास चालली, उरले ३०० केबी. इथे बहुतेक लोक सोडून देतात. मी काय केलं, तीच डिस्क एका जुन्या डेस्कटॉपच्या जाडजूड ट्रेवाल्या ड्राइव्हमध्ये घातली आणि तीच मॅप फाइल देऊन परत चालू केलं. प्रत्येक ड्राइव्हचा लेझर आणि त्याची एरर सुधारायची ताकद वेगळी असते, एकाला न दिसलेलं दुसऱ्याला दिसतं. उरले ३७ सेक्टर. म्हणजे ७५,७७६ बाइट. आयएसओइन्फो मायनस एलने प्रत्येक फाइल कुठल्या सेक्टरपासून सुरू होते ते दिसतं, त्यावरून बघितलं तर सगळे ३७ एकाच एमपी३ मध्ये पडलेले, १२८ केबीपीएसची फाइल, म्हणजे सेकंदाला १६,००० बाइट, हिशोब केला तर पावणेपाच सेकंद. अख्ख्या रात्रीच्या आरतीतले पावणेपाच सेकंद.

तेही मिळाले. त्या वर्षी मंडळाने त्याच सीडीच्या कॉप्या घरोघरी वाटलेल्या, एक शिरोड्याच्या घरात कपाटात मिळाली, तीही कडेला खराब, पण खराब जागा वेगळी. आधी तिची वेगळी इमेज काढली, व्हॉल्यूमचं नाव आणि साइझ आयएसओइन्फो मायनस डीने जुळवून बघितले, सीएमपीने चांगल्या भागांची तुलना केली, बाइट न बाइट सारखा, मग पहिल्या मॅप फाइलीवर दुसरी डिस्क लावली आणि दहा सेकंदांत ३७ चे शून्य झाले. हे फक्त डिस्कवरून डिस्क अशी हुबेहूब कॉपी केलेली असेल तरच चालतं, वेगवेगळ्या वेळी बसून जाळलेल्या, म्हणजे बर्न केलेल्या दोन सीडींत गाणी तीच असली तरी सेक्टर जुळत नाहीत, तेव्हा तुलना केल्याशिवाय मिसळू नको. पण विचारून बघ रे, वाड्यावरच्या प्रत्येक घरात विचार, मुंबईला गेलेल्यांनाही फोन कर. गोव्याबाहेर कोरड्या हवेत राहिलेली कॉपी बऱ्याचदा इथल्या मूळ डिस्कपेक्षा बरी निघते.

एक खोटा एररही असतो तो ओळखून ठेव. बऱ्याच घरी जाळलेल्या सीडींत ट्रॅकच्या अगदी शेवटी दोन सेक्टर असे असतात की ते डेटा म्हणून वाचताच येत नाहीत, जाळायच्या पद्धतीमुळे ते तसे येतात, त्यात तुझं काही नसतं. सगळी डिस्क निघाली आणि शेवटचे ४,०९६ बाइटच अडले तर आयएसओइन्फोने सांगितलेला व्हॉल्यूमचा साइझ बघ, तो त्याच्या आधीच संपत असेल तर डिस्क पूर्ण आली असं समज आणि पुढची घे.

आता माउंट न होणाऱ्या डिस्क. राँग एफएस टाइप असा एरर आला आणि डिस्क म्युझिक प्लेयरवर वाजते तर ती ऑडिओ सीडी आहे. तिच्यावर फाइलसिस्टिमच नसते, माउंट करायचं काही नसतंच. तिच्यासाठी सीडीपॅरानोइया मायनस बी (हा बी कॅपिटल), प्रत्येक गाण्याची वेव्ह फाइल निघते. ऑडिओ सीडीत एका सेकंदाला ७५ सेक्टर, प्रत्येकी २,३५२ बाइट, आणि डेटा सीडीवर एरर सुधारायचा जो एक जास्तीचा थर असतो तो इथे नसतो, म्हणून सीडीपॅरानोइया वाचलेले तुकडे एकमेकांवर जुळवून खात्री करत पुढे जातं. वेळ लागतो. प्रोग्रेसच्या रेघेत व्हीसारखं अक्षर आलं तर तिथे आवाज गेलाय असं समजून वहीत गाण्याचा नंबर लिही आणि दुसऱ्या ड्राइव्हवर तेवढंच गाणं परत काढ. वेव्ह फाइली नंतर फ्लॅकमध्ये कर, काही गमावत नाही आणि जागा बरीच वाचते. एमपी३ फक्त व्हॉट्सॲपवर पाठवायला.

व्हिसीडीने तुला सर्वात जास्त छळलं असणार. माउंट होते, एमपीईजीएव्ही फोल्डर दिसतं, आत डीएटी फाइल, आणि कॉपी केली की लगेच इनपुट-आउटपुट एरर, मग वाटतं डिस्क मेली. डिस्क ठणठणीत असू शकते. व्हिसीडीचा व्हिडिओ वेगळ्या प्रकारच्या सेक्टरमध्ये असतो, त्यात २,०४८ ऐवजी २,३२४ बाइट असतात, ७०० एमबीच्या सीडीवर जास्त व्हिडिओ मावावा म्हणून एरर सुधारायची जागाही व्हिडिओला दिलेली असते. कर्नल साध्या फाइलीसारखं वाचायला जातो आणि आपटतो. व्हीसीडीइमेजर पॅकेजमधली व्हीसीडीएक्सरिप वापर, ती थेट सेक्टर वाचून एमपीईजी काढते. डीडीरेस्क्यूने २०४८ वर व्हिसीडी काढू नको, डिस्क चांगली असूनसुद्धा मॅप फाइल लालेलाल होईल. चित्र ३५२ बाय २८८ चंच येणार, त्यावर ते धारदार करायचे फिल्टर लावून मूळ फाइल बिघडवू नको, मूळ तशीच ठेव.

रिकाम्या दिसणाऱ्या डिस्कांची दोन कारणं असतात. पहिलं, डिस्क फायनलाइझ केलेली नसते, म्हणजे रेकॉर्डिंग संपल्यावर ती बंद करून दुसऱ्या यंत्रांना वाचता येईल अशी केलेली नसते. कॅमेऱ्यातल्या छोट्या डीव्हीडींत आणि टीव्हीला लावायच्या रेकॉर्डरच्या डीव्हीडींत हे सर्रास. शूटिंग संपलं, दमून घरी आले, शेवटचं बटण दाबायचं राहून गेलं. डीव्हीडी-प्लस-आरडब्ल्यू-टूल्समधली डीव्हीडी-प्लस-आरडब्ल्यू-मीडियाइन्फो कमांड चालव, तिथे डिस्क स्टेटस अपेंडेबल आणि शेवटचं सेशन इनकम्प्लीट आलं तर हेच. कित्येकदा ड्राइव्ह कर्नलला डिस्कची लांबीच शून्य सांगतो म्हणून डीडीरेस्क्यूही लगेच संपतं. सर्वात उत्तम उपाय म्हणजे तोच कॅमेरा किंवा तोच रेकॉर्डर शोधून त्यातच फायनलाइझ करणं, माळ्यावर असतो बघ, चार्जर नसला तरी शोध. स्वतः प्रोग्रामने फायनलाइझ करायला जाऊ नको, त्यात डिस्कवर नवीन लिहिलं जातं आणि चुकलं तर परत येत नाही. आणि ही ८ सेंटिमीटरची डिस्क ट्रेवाल्या ड्राइव्हमध्येच घाल, आतल्या खाचेत. फटीतून आत ओढून घेणाऱ्या ड्राइव्हमध्ये घातलीस तर अडकेल.

दुसरं कारण मल्टिसेशन. पूर्वी रिकामी सीडीसुद्धा जपून वापरायचे, एकाच सीडीवर आज थोडं, महिन्याने थोडं जाळायचे. दुसऱ्या वेळी जाळणाऱ्याने जुनं सेशन जोडून घेतलं नसेल तर माउंट केल्यावर फक्त शेवटचं सेशन दिसतं. जुन्या फाइली डिस्कवर असतातच. डिस्क उलटी करून उजेडात तिरकी धर, जळलेल्या भागाची छटा वेगळी असते, दोन-तीन कडी वेगवेगळी दिसली तर सेशन अनेक आहेत. माउंट करताना सेशन ऑप्शनला ट्रॅकचा आकडा देऊन आधीचं सेशन उघडता येतं. एका डिस्कवर मला असं करून गणपतीच्या ३ फाइलींमागे जत्रेच्या ४० फाइली मिळाल्यात.

नावांबद्दल एक. विंडोजवर मराठीत नाव दिलेल्या फाइलींची नावं जोलिएटमध्ये (सीडीवर लांब नावं ठेवायची विंडोजची पद्धत) युनिकोडमध्येच असतात, तुला नुसती प्रश्नचिन्हं दिसत असतील तर माउंट करताना आयओकॅरसेट यूटीएफ८ दे, आरती, गजर सगळी नावं उघडी पडतील. पण आतल्या टेक्स्टच्या किंवा कार्यक्रमपत्रिकेच्या फाइली श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टात टाइप केलेल्या असतील तर त्या इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसणारच, ते डिस्कचं दुखणं नाही, कन्व्हर्टरचं वेगळं काम आहे, फाइल फेकू नको.

ट्रे उघडत नाही याचं कारण बहुतेक वेळा साधं असतं. डिस्क माउंट असते तेव्हा कर्नल दार लॉक करतो. टार्गेट इज बिझी आलं तर तुझंच एखादं टर्मिनल त्या फोल्डरमध्ये उभं असेल. फ्यूजर मायनस व्हीएम आणि माउंटचं ठिकाण दे, कोण धरून बसलंय ते कळेल, ते बंद कर, यूमाउंट कर, मग इजेक्ट. खरंच अडकला तर युएसबी काढ आणि पुढच्या बारीक भोकात सरळ केलेली पेपरक्लिप सावकाश दाब. ओढाताण नको.

आता ती चौकोनी कार्ट्रिज. तू सांगितलेल्या वर्णनावरून ती साडेतीन इंची एमओ डिस्क आहे, मॅग्नेटो-ऑप्टिकल. डीटीपी आणि प्रेसवाले ती वापरायचे, म्हणजे त्यात तुमच्या स्मरणिकेची पानं असणार. ही सीडीपेक्षा फार चिवट जात आहे. लिहिताना लेझर तो बिंदू २०० अंशांच्या आसपास तापवतो आणि तेवढ्याच वेळात चुंबक त्याची दिशा बदलतो, थंड झाल्यावर घरातल्या चुंबकाने काही होत नाही, वर कव्हर असल्यामुळे चरेही पडत नाहीत. अडचण ड्राइव्ह मिळण्याची आहे, कोणाकडे मिळाला तर बहुधा स्कझी या जुन्या जोडणीचा, म्हणजे कार्डही लागेल आणि केबलच्या दोन्ही टोकांना टर्मिनेटर, म्हणजे सिग्नल तिथेच संपवणारे तुकडे. युएसबीचा मिळाला तर नशीब. लिनक्समध्ये हा ड्राइव्ह एसआर म्हणून येत नाही, हार्ड डिस्कसारखा एसडीबी, एसडीसी असा येतो, फ्रीबीएसडीत डीए०. लोक इथेच फसतात, एसडीबी१ शोधत बसतात, आणि बऱ्याच एमओ डिस्कवर पार्टिशनच नसतं, फ्लॉपीसारखी अख्खीच फॉरमॅट केलेली असते, तेव्हा थेट एसडीबी माउंट करायची. कव्हरवरचा आकडा बघ, २३० आणि ५४० एमबीच्या डिस्कचा सेक्टर ५१२ बाइट, ६४० चा २०४८, डीडीरेस्क्यूला तोच दे. प्रेसमध्ये मॅक असेल तर एचएफएस (मॅकची जुनी फाइलसिस्टिम) म्हणून फक्त वाचण्यासाठी माउंट कर. घालायच्या आधी कोपऱ्यातली राइट प्रोटेक्टची पट्टी सरकवून ठेव, कारण ही डिस्क लिहिता येते आणि एका चुकीच्या होकाराने फॉरमॅट होऊ शकते.

सफाईबद्दल, कारण आपल्या हवेत ती टळत नाही. जून ते सप्टेंबर बंद कपाटात ठेवलेल्या डिस्कवर बुरशीचे पांढरट ठिपके येतात, आणि ती काळी रेक्झिनची पाउच असतात त्यातलं प्लास्टिक डिस्कला चिकटतं. चिकटलेली डिस्क खेचू नको, पाउचचं पान कात्रीने दोन्ही बाजूंनी कापून डिस्क मोकळी कर. डिस्टिल्ड वॉटरमध्ये मऊ सुती फडकं भिजवून मधल्या भोकाकडून सरळ कडेकडे पूस, गोल गोल कधीच नाही. चरा गोल पडला तर तो ट्रॅकच्या बाजूने जातो आणि लांबच्या लांब डेटा खातो, आडवा चरा डिस्क बहुतेक वेळा स्वतः भरून काढते. टूथपेस्टचे व्हिडिओ बघितले असशील, त्या वाटेला जाऊ नको. आणि सीडीची वरची, नाव लिहायची बाजू जास्त जप. खालून १.२ मिलिमीटरचं प्लास्टिक आहे, वरून मात्र चकाकणाऱ्या थरावर नुसता लॅकरचा पातळ हात असतो, तिथलं स्टिकर ओढलंस तर गाणी स्टिकरबरोबर निघून येतात. डीव्हीडीत तो थर दोन ०.६ मिलिमीटरच्या चकत्यांच्या मध्ये असतो म्हणून ती वरच्या चऱ्यांना जरा सोसते. डिस्क उजेडासमोर धरून बघ, सीडीत टाचणीच्या टोकाएवढे छेद दिसले तर तिथला थर गेलाय, पुसून काही येणार नाही, तशा डिस्क हात बसला की सर्वात आधी काढायला घे.

जागेचा हिशोब सोपा आहे. समज १४० सीडी आणि ४० डीव्हीडी, सगळ्या काठोकाठ भरलेल्या, तरी ९८ आणि १८८ मिळून २८६ जीबी. १ टीबीची एक हार्ड डिस्क पुरते, पण दोन घे, आणि दोन वेगळ्या घरांत ठेव. प्रत्येक इमेजचा शा२५६, म्हणजे फाइल बदलली का ते ओळखायचा आकडा काढून त्याच फोल्डरमध्ये ठेव, मॅप फाइलही तिथेच. वर्षातून एकदा, चतुर्थीच्या आधी म्हण, शा२५६ परत जुळवून बघायचे. मंडळींना वाटायला नवीन डीव्हीडी जाळायचीच असेल तर जाळून झाल्यावर ट्रे एकदा बाहेर काढून परत घाल आणि मगच चेक कर, नाहीतर कॅशमधलंच वाचून सगळं बरोबर आहे असं दाखवलं जातं. मंडळाची मुख्य प्रत म्हणून मात्र जाळलेल्या डिस्कवर विसंबू नको, आपल्या हवेत तरी नाही.

आता लगेच करायचं काम. ज्या डिस्कवर एरर आले त्या वेगळ्या काढून उभ्या ठेव, एकीवर एक रचू नको, डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाक, आणि परत ड्राइव्हमध्ये घालू नको. आधी चांगल्या डिस्कवर डीडीरेस्क्यूचा हात बसू दे, दहा-पंधरा इमेज निघाल्या की आपोआप अंदाज येतो. खराबपैकी तुला सर्वात महत्त्वाच्या वाटतात त्या पाच आणि त्या वेळच्या डीमेसेजच्या ओळी घेऊन रविवारी म्हापशाला ये. माझ्याकडे तीन जुने ट्रेवाले ड्राइव्ह अजून चालू आहेत, तिन्ही वेगवेगळ्या बनावटीचे, मॅप फाइल एकच ठेवून एकेकावर फिरवू. तोपर्यंत शिरोडा, बोरी, मडकई, जिथे जिथे तुमच्या सीडी वाटल्या होत्या तिथे फोन करून ठेव.